डबी तशीच, माल वेगळा : मुरलेली सवय बदलण्याची रीत

इंजिन उघडलं की हात कोपरापर्यंत काळे होतात. ते आधी डिझेलनं धुवायचे, मग लाकडाच्या भुशानं घासायचे, शेवटी साबण. फडक्याला पुसले की हात आपोआप मागच्या खिशाकडे जायचा. दोन्ही बाजूंनी उघडणारी डबी, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. डाव्या तळव्यावर अंगठ्यानं मळायची, दोन थापट्या मारून धूळ उडवायची आणि ओठाखाली सरकवायची. मालवणात दांडीच्या किनाऱ्याजवळ माझं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं शेड आहे. तिथे बावीस वर्षं हे असंच चाललं.

पाच वेळा सोडली, सहाव्यांदा सुटली. पहिल्या पाचही वेळा डबी रागारागानं फेकून दिली होती आणि बहुतेक वेळा हात मोकळा ठेवला होता. इंजिन उघडायचं थांबत नव्हतं, हात धुवायचे थांबत नव्हते. पुसून झाल्यावर त्या हातानं करायचं काय, हे ठरवलेलंच नव्हतं. दोन-चार दिवसांत तो शेजारच्याच्या डबीपर्यंत पोचायचा.

हे काही माझ्याच हाताचं खूळ नाही. वारंवार केलेल्या गोष्टींचा क्रम मेंदूच्या आतल्या भागात, बेसल गँग्लियात, पक्का बसतो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत ॲन ग्रेबील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की बक्षीस बंद केल्यावर सवय मोडल्यासारखी वाटते, पण बक्षीस परत आलं की मेंदूतला जुना नमुना जसाच्या तसा परत उठतो. म्हणजे तो पुसला जात नाही, त्याच्या वाटेवर दुसरं काहीतरी बसवावं लागतं. नेथन एझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोघांनी १९७३ साली नखं खाणं, अंगाला झटके देणं अशा सवयींवर हीच रीत वापरली: हात तोंडाकडे निघाला की त्याच हाताला दुसरं काम द्यायचं. खाली सांगतोय ती रीत याच जातीची आहे. उदाहरण तंबाखूचं जास्त येईल, कारण मला तीच नीट ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. रोज दारू पिणाऱ्यानं हा लेख वाचून एकदम बाटली बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं इथपर्यंत गोष्ट जाते, जिवावर बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

आठ दिवस काहीच सोडू नका

ठरवलं त्या दिवशी सोडायचं नाही. आठ दिवस सवय आहे तशी चालू द्यायची, फक्त टिपून ठेवायची. आमच्याकडे कालनिर्णयावर दूधवाल्याचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली असते. मी त्याच खिळ्याला सुतळीनं पेन्सिल बांधली. शेडात जुनं बिलबुक होतं, त्याची पाठकोरी पानं घेतली. दर चिमटीला चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कुठे होतो, सोबत कोण होतं आणि त्याच्या अगदी आधी काय केलं. चौथी गोष्ट कंटाळा करून सोडू नका, सगळं तिच्यातच असतं.

माझ्या एका दिवसाचं पान असं होतं. सकाळी ६.१०, मागल्या दारी, एकटा, चहा संपला. ९.४०, शेड, हात पुसले. ११.०५, शेड, तांडेल (होडीचा म्होरक्या) आला आणि "जरा चिमटी दी रे" म्हणाला. ११.५०, हात पुसले. २.१५, घर, जेवण झालं, तोंडाला बांगड्याचा वास. असं रात्री दहापर्यंत.

आठ दिवसांची बेरीज ११३ झाली. त्यात हात पुसल्यावरच्या ४१, चहा-जेवणानंतरच्या ३०, कुणीतरी मागितली किंवा दिली म्हणून २९, आणि नुसतं बसलो होतो म्हणून १३. मी बावीस वर्षं लोकांना "तलफ येते, काय करू" असं सांगत होतो. कागद म्हणत होता की फडकं येतं आणि तांडेल येतो.

लिहायला लागलं की आकडा आपोआप थोडा उतरतो. उतरू द्या, पण तेवढ्यावर घरात जाहीर करून टाकू नका.

ती तुमचं कुठलं काम करते?

इथे बहुतेक जण घाई करतात. तंबाखूऐवजी लवंग, सिगारेटऐवजी चॉकलेट, असं दुकानातूनच ठरवून येतात. माझी तिसरी खेप लवंगेवर गेली. लवंग चांगली होती, पण ती एकट्यानं चघळायची. तंबाखू मला पाच मिनिटांची विश्रांती देत होती आणि चार माणसांत बसवत होती. मळणारा माणूस रिकामा दिसत नाही, त्याला कुणी "काम टाकून काय बसलास" असं विचारत नाही. आणि मळताना कुणी ना कुणी शेजारी येऊन टेकतोच. लवंगेत यातलं काहीच नव्हतं.

माझ्या आईचं वेगळं. ती मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड, रोज पहाटे अर्धा तास हिरड्यांना. मी तिला माझंच शहाणपण शिकवायला गेलो, तर म्हणाली, "मगे पोट साफ कसा होतला रे?" तिच्या मशेरीचं काम ते होतं. निकोटिननं आतड्यांना खरंच चालना मिळते, त्यामुळे तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. एकाच घरातली, एकाच पानाची सवय, पण माझ्या जागी जे चाललं ते तिच्या जागी शून्य.

काम ओळखायची साधी युक्ती अशी. इच्छा झाली की एक दिवस जागेवरून उठून समुद्रापर्यंत जाऊन या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तांब्याभर पाणी प्या. तिसऱ्या दिवशी कुणाशी तरी गप्पा मारा, चौथ्या दिवशी आमसुलाचा तुकडा चोखा. दर वेळी दहा मिनिटांनी बघायचं, इच्छा अजून आहे का. ज्यानं ती गेली, ते खरं काम. गप्पांनी जात असेल तर तुम्हाला सोबत हवी होती. आमसुलानं जात असेल तर तोंडाला चव हवी होती. पाण्यानं गेली तर तहानच असेल, ऑक्टोबरच्या उकाड्यात तेही होतं.

बदली माल

बदली वस्तू निवडताना मी तीन गोष्टी बघतो. ती दहा सेकंदांत हाताशी यायला हवी. जुन्या सवयीत जो अवयव गुंतलेला असतो, त्याच अवयवाला तिनं गुंतवायला हवं. आणि ती स्वतः नवी कटकट होता कामा नये. या तिसऱ्या गोष्टीवर फार जण आपटतात. तंबाखू सोडून सुपारीवर येणारे मी ढिगानं बघितलेत. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तसं २००४ सालीच सांगितलंय. गोड सुपारी, सुगंधी सुपारी, सगळी त्यातच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो मिळतो कुठे हे मी सांगायला नको.

माझा बदली माल बडीशेप. चार वाट्या बडीशेप, एक वाटी तीळ, पाव वाटी ओवा, चवीपुरतं सैंधव आणि अर्ध्या लिंबाचा रस. ओवा सोडून सगळं कालवून तासभर ठेवायचं, मग मंद आचेवर कोरडं होईपर्यंत भाजायचं. ओवा शेवटी घाला, आधी घातला तर करपून कडू होतो. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाची बरणीसुद्धा पाझरते, त्यामुळे हा माल घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायचा आणि डबीत दोन दिवसांपुरताच भरायचा. सादळलेली बडीशेप तोंडात घातली की मन लगेच दुसऱ्या डबीचा विचार करतं, अनुभवानं सांगतो.

डबीबद्दल वाद आहे. व्यसन सोडवणारे समुपदेशक सांगतात की घरातलं, खिशातलं सगळं सामान काढून टाका. बरोबर आहे, जुन्या डबीचा नुसता वाससुद्धा पुरतो. मी ती टाकली, पण तशीच्या तशी कोरी करकरीत दुसरी आणली. एका बाजूला बडीशेप, दुसऱ्या बाजूला, चुन्याच्या जागी, वेलदोड्याचे दाणे. हात पुसायचे, डबी काढायची, तळव्यावर घ्यायचं, अंगठ्यानं निवडायचं. मळण्यासारखं त्यात काही नसतं, तरी अंगठा फिरतो. फिरू दे. शेडातली पोरं हसली आठ दिवस.

आईसाठी वेगळी जुळणी केली. उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, मग तुळशीपासून विहिरीपर्यंत सहा फेऱ्या, मग पेज. बोटानं घासायची सवय असल्यानं ब्रश तिला काठीसारखा वाटायचा. म्हणून महिनाभर बोटावरच टूथपेस्ट, मग मऊ ब्रश. तिला चार महिने लागले.

एक ओळ लिहा

नुसता "यापुढे खाणार नाही" हा निश्चय हाताला कळत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलेली गोष्ट फार उपयोगाची आहे: कधी, कुठे, काय करणार हे "अमुक झालं की तमुक करीन" अशा एका वाक्यात आधीच बांधून ठेवलं, तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. माझी वाक्यं शेडाच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेली होती. "हात पुसले की डबी काढून बडीशेप घेईन." "तांडेलानं मागितली की तीच डबी पुढे करीन." "मासे खाऊन उठलो की आधी चूळ भरीन, दात घासीन."

वाक्यात "नाही" येऊ देऊ नका. "जेवल्यावर तंबाखू खाणार नाही" हे वाक्य जेवल्यावर तंबाखूचीच आठवण करून देतं. आणि सगळ्या जागांना एकदम वाक्यं लावू नका. तुमच्या बेरजेत जी सर्वांत मोठी असेल तिच्यापासून सुरुवात करा. माझ्यासाठी ती ४१ वाली होती.

दिवस आणि जागा

१ जानेवारी हा सर्वांत भिकार मुहूर्त. त्या दिवशी तारखेशिवाय काहीही बदललेलं नसतं. जागा, माणसं, कामाचा क्रम यातलं काहीतरी हललेलं असतं, तेव्हा सवय सैल पडते. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला होता. तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात शंभरातले साधारण पाचच पुन्हा त्यात अडकले. गल्ली बदलली, यार बदलले, मिळण्याची जागा गेली.

माझं शेड मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानं उचकटलं. पत्रे उडाले, म्हणून महिना-दीड महिना घराच्या पडवीत इंजिनं खोलली. तिथे फडकं वेगळ्या खिळ्याला, बसायला वेगळा पाट आणि समोर आई. सहावी खेप तेव्हा जमली. वादळाची वाट बघत बसा असं नाही, पण सासुरवाडीचा मुक्काम, नवी नोकरी, घराची डागडुजी अशी संधी आली तर दवडू नका. काहीच नसेल तर निदान बसायची जागा बदला. चहाच्या टपरीवर ज्या बाकावर बसून मळत होता, त्याच्या समोरच्या बाकावर बसा.

मच्छीमारांना आपल्याकडे आयतीच एक खिडकी मिळते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, एकसष्ट दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांचं जे सगळीकडे सांगतात त्याला असा आधार नाही. म्हणजे होडी ओढून झाप टाकल्या दिवशी सुरुवात केली, तर नारळी पौर्णिमेच्या आसपास गाडी रुळावर येते. पण एक धोका आहे. बंदीत खलाशी जाळी दुरुस्त करत बसतो, आणि जाळं आणि तंबाखू यांची फार जुनी दोस्ती. ज्यांच्या पानावर "जाळं" हा शब्द जास्त वेळा येईल त्यांनी जूनऐवजी ऑगस्ट धरावा, पाण्यावर असताना.

पहिले तीन दिवस

तंबाखूपुरतं शरीराचं गणित वेगळं असतं. शेवटच्या चिमटीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं, भूक, बद्धकोष्ठ. पुढे दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. लाटेसारखी येते, डोक्यावरून जाते. मी तेवढ्या वेळात स्पार्क प्लग साफ करायचो, शेडातले सगळे प्लग त्या आठवड्यात चकचकीत झाले. त्या तीन दिवसांत घरात महत्त्वाचं बोलणं काढू नका. मी काढलं होतं.

दिवसाला खूप चिमट्या असतील, किंवा उठल्या उठल्या पहिली लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घेता येतं. ते साध्या गमसारखं चघळत राहायचं नसतं. चुरचुर लागेपर्यंत चावायचं, मग गालाआड ठेवून द्यायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं आंबट किंवा चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलं जात नाही. म्हणजे सोलकढी पिऊन लगेच गम घेतलं तर पैसे वाया. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी फुकट हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. जिल्हा रुग्णालयातही सल्ला मिळतो.

या निमित्तानं आरशासमोर तोंड उघडून बघा. आपली तीन बोटं उभी एकावर एक आत जातात का? जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा दोन आठवडे हटला नसेल, तर दातांच्या डॉक्टरकडे जा. बडीशेप नंतर.

भजनाची रात्र

गणपतीत आमच्या वाडीत घरोघर भजन होतं. मृदंगवाला, पेटीवाला, टाळकरी आणि मधे चहाचे पेले, करंज्या आणि पानाचं तबक. तबकात तंबाखू असतेच. साडेतीन महिने काढले होते मी, आणि तिसऱ्या रात्री, गजर सुरू असताना, बाजूच्यानं न बोलता मळलेली चिमटी पुढे केली आणि मी न बोलता घेतली. चक्कर आली. अंगणात जाऊन थुंकलो.

मोडलं की सगळं मोडलं, असं समजून माणूस दुसऱ्या दिवशी पुडी विकत घेतो. खरं नुकसान तिथे होतं. लॅलींच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं, की एखादा दिवस चुकल्यानं सवय बसण्यात फारसा फरक पडत नाही. मी कालनिर्णयावर त्या तारखेला फुली मारली आणि शेजारी चौथा रकाना भरला: "गजर, हात टाळ्या वाजवत होते, डबी घरी राहिली." डबी घरी राहिली, हे कारण. दुसऱ्या रात्री झांज मागून घेतली. दोन्ही हातांत झांज असली की चिमटी घ्यायला तिसरा हात लागतो. माझा ताल कच्चा आहे, बुवांनी सहन केलं.

लोक काय म्हणतील याचं उत्तर आधी तयार ठेवा आणि ते लहान ठेवा. "डॉक्टरनी सांगितलंय" म्हटलं की वाद सुरू होतो, जो तो आपल्या आजोबांचं उदाहरण देतो, नव्वदाव्या वर्षी विडी ओढणारे. मी फक्त डबी पुढे करतो. "चिमटी दी रे" म्हटलं की बडीशेप. पहिल्यांदा तांडेल म्हणाला, "ह्या काय, लग्नात इलंय मी?" आता तो येतो, बसतो, बडीशेप घेतो, मग खिशातून स्वतःची काढतो. बसणं राहिलं, तेवढं मला पुरे.

मोबाइल आणि चहा

पुतण्याला रात्री दोनपर्यंत रील्स बघायचा नाद. त्याच्या पानावर कळलं ते असं: दिवसभर दुकान, घरात नऊ माणसं, एकटा असा तो फक्त पांघरुणात असतो. त्याला मोबाइलपेक्षा तो एकांत हवा होता. मग जेवणानंतर तासभर ओटीवर एकटं बसायला त्याला मोकळीक दिली, मोबाइलसकट. दहा वाजता मोबाइल माजघरात चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ, आणि अंथरुणात छोटा रेडिओ. आठवड्यातून दोन रात्री अजून चुकतात. जत्रेचे दिवस सुरू झाले की दशावतार बघायला जातो, ते मी मोजत नाही.

चहा माझा स्वतःचा आहे. दिवसाला सात, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे पंचावन्न ग्रॅमच्या घरात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा. तंबाखू गेली तेव्हा हे दोन चमचे तीन झाले होते, तेही नंतर लक्षात आलं. दोन सवयी एकदम हातात घेऊ नका, हे त्यामुळेच सांगतो. आता नोंद सुरू केलीय. चार दिवसांच्या पानांवर सातांतले पाच चहा असे आहेत, की गिऱ्हाइकानं मागवले आणि नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं.